छातीतल्या कफाचं करायचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छातीच्या जुनाट आजारांच्या रुग्णांना कफ काढायला शिकवणं, हे माझं रोजचं काम. ओपीडीबाहेरच्या बाकावर जे विचारलं जातं, ते इथे जवळजवळ त्याच शब्दांत ठेवलं आहे. उत्तरं मुख्यतः सीओपीडी (धूर-धुळीने श्वासनलिका कायमच्या अरुंद होणं) आणि ब्रॉंकिएक्टेसिस (त्या कायमच्या रुंद, सैल होणं) या दोन आजारांना धरून आहेत. टीबी बरा झाल्यावर मागे राहणाऱ्या ब्रॉंकिएक्टेसिसवर मी जरा जास्त रेंगाळले आहे, कारण आपल्याकडे तो सर्रास दिसतो आणि गोळ्यांचा कोर्स संपताना त्याबद्दल रुग्णाला क्वचितच कोणी सांगतं.

निरोगी माणसाच्या छातीत कफ नसतोच ना?

असतो. श्वासनलिकांच्या आतून एक पातळ, ओलसर थर कायम असतो. त्यात जवळजवळ सगळं पाणीच; उरलेल्या दोन-तीन टक्क्यांत चिकट प्रथिनं, क्षार आणि मेलेल्या पेशी. श्वासाबरोबर आत गेलेली धूळ, धूर, जंतू या थराला चिकटतात. त्याच्या खाली अतिसूक्ष्म केसांची शेतं असतात आणि ते केस सेकंदाला दहा-बारा वेळा घशाच्या दिशेने हलत राहतात. थर हळूहळू वर सरकतो, घशापर्यंत येतो आणि आपण तो नकळत गिळून टाकतो. दिवसभरात हे कितीदा घडतं याची आपल्याला गंधवार्ताही नसते.

आजारात दोन गोष्टी बिघडतात. कफ तयार करणाऱ्या पेशी आणि ग्रंथी वाढतात, आणि त्याच वेळी तो वर ढकलणारे केस झडतात किंवा मंदावतात. माल वाढला आणि हमाल कमी झाले, असं समजा. त्यातलं पाणी कमी पडलं की तो डिंकासारखा नळीला चिकटून बसतो.

डॉक्टर एकाला ‘ब्रॉंकायटिस’ म्हणतात, दुसऱ्याला ‘ब्रॉंकिएक्टेसिस’. फरक काय?

सलग दोन वर्षं, दरवर्षी निदान तीन महिने, बहुतेक दिवस खोकल्याबरोबर बेडका पडत असेल आणि त्याला दुसरं कारण सापडत नसेल, तर त्याला क्रॉनिक ब्रॉंकायटिस म्हणतात. विडी, सिगारेट, चुलीचा धूर, कामावरची धूळ ही त्याची नेहमीची कारणं. बऱ्याच सीओपीडीच्या रुग्णांत तो असतो.

ब्रॉंकिएक्टेसिसमध्ये नळ्याच कायमच्या रुंद आणि सैल झालेल्या असतात. तिथे कफ साचतो, त्यात जंतू घर करतात, जंतूंमुळे सूज येते, सुजेने नळी आणखी बिघडते आणि कफ आणखी वाढतो. हे चक्र आपोआप थांबत नाही. स्टेथोस्कोप शोधणाऱ्या लायनेक या फ्रेंच डॉक्टरांनी १८१९ मध्येच या आजाराचं वर्णन करून ठेवलं होतं. आज निदान एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसांचे बारीक काप दाखवणाऱ्या सीटी स्कॅनवर होतं. साध्या एक्स-रेत तो सुटू शकतो, म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावर रोज अर्धी वाटी कफ टाकणाऱ्या माणसाला घरी पाठवू नये.

वडिलांचा टीबी दहा वर्षांपूर्वी पूर्ण बरा झाला. तरी रोज सकाळी कफ पडतो. टीबी उलटला का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून सविस्तर सांगते.

टीबीचे जंतू मेले तरी त्यांनी पोखरलेली जागा भरून येत नाही. व्रण आकसतो आणि आजूबाजूच्या नळ्यांना ओढून रुंद करतो. भारतातल्या दोन हजारांहून अधिक ब्रॉंकिएक्टेसिस रुग्णांची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात दर तीन रुग्णांमागे साधारण एकाच्या आजाराचं मूळ जुन्या टीबीत होतं. लहानपणीचा गोवर, डांग्या खोकला किंवा न्यूमोनिया हीसुद्धा कारणं असू शकतात. तेव्हा वडिलांचा रोजचा कफ बहुधा त्या जुन्या जखमेचा आहे.

पण ‘बहुधा’ हा शब्द पुसू नका. कफ अचानक वाढला, ताप येऊ लागला, वजन उतरलं, रात्री घाम फुटू लागला, तर थुंकीची तपासणी पुन्हा करायलाच हवी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. यात एक खाच आहे. सीबीनॅट ही तपासणी जंतूचा डीएनए शोधते आणि डीएनए मेलेल्या जंतूचाही असतो. त्यामुळे टीबी होऊन गेलेल्या माणसात ती पॉझिटिव्ह आली तर डॉक्टर कल्चर मागवतात, कारण कल्चरमध्ये फक्त जिवंत जंतू वाढतो. निव्वळ एक्स-रेतल्या जुन्या डागांवरून टीबीचा कोर्स पुन्हा सुरू झालेले रुग्ण मी पाहिले आहेत. कफ तसाच राहतो आणि पदरात पडतो तो गोळ्यांचा त्रास.

खोकला थांबेल असं चांगलं सिरप सांगा.

सांगणार नाही. ओला खोकला हा शत्रू नाही. केस झडलेल्या नळीकडे वर ढकलायला उरलेला तो एकच हात आहे. कोडीन किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फनसारखी खोकला दाबणारी औषधं घेतली तर रात्र शांत जाते आणि कफ आत साठत राहतो. काही बाटल्यांत तर खोकला दाबणारं आणि कफ सुटवणारं औषध एकत्र असतं, म्हणजे एक पाय ब्रेकवर आणि दुसरा ॲक्सिलरेटरवर. शिवाय झोप आणणारी ॲलर्जीची औषधं त्यात मिसळलेली असली तर कफ आणखी सुकतो. मधुमेह असेल तर सिरपमधली साखर मोजायला विसरू नका.

‘कफ सुकवून द्या’ असं म्हणणारे नातेवाईक रोज भेटतात. सुकलेला कफ जागेवरच राहतो. आपल्याला तो ओला करून, सोडवून, बाहेर काढायचा आहे.

मग तो बाहेर काढायचा कसा? मी खोकून खोकून दमतो, पण सुटत नाही.

जोरात खोकल्याने दमणं होतं, काम होत नाही. आजारी नळ्या सैल असतात, त्या जोराच्या खोकल्यात चिमटल्या जातात आणि कफ मागेच अडकतो. म्हणून आम्ही ‘हफ’ शिकवतो. चष्म्याची काच पुसण्याआधी तिच्यावर तोंडाची वाफ सोडतो ना, तोच श्वास. फक्त जरा जोरकस आणि लांब.

पाठ ताठ ठेवून खुर्चीवर बसा. खांदे सैल सोडा. आधी मिनिटभर नेहमीसारखा हलका श्वास घ्या, पोट वर-खाली होऊ द्या. मग तीन-चार वेळा नाकाने खोल श्वास घ्या, दोन-तीन सेकंद धरा आणि जोर न लावता सोडा. श्वास धरल्यावर हवा चोरवाटांनी कफाच्या मागे जाते. तीच त्याला पुढे लोटणार आहे. पुन्हा थोडा हलका श्वास. आता मध्यम श्वास आत घ्या, तोंड उघडं ठेवा आणि ‘हाऽऽऽ’ करत पोटाच्या जोरावर लांब सोडा. खोलवरचा कफ यानेच हलतो. छातीत वरच्या बाजूला खरखर जाणवू लागली की मोठा श्वास घेऊन एक छोटा, जोरदार ‘हा!’ करा. कफ घशाशी आला की मग एकदा, फक्त एकदा, खोका.

हे चक्र दहा ते वीस मिनिटं चालू द्या. लागोपाठ दोन हफ कोरडे गेले की थांबा. चक्कर आली किंवा छातीत शीळ वाजू लागली तर जास्त वेळ हलक्या श्वासावर राहा. पहिल्यांदा मात्र फिजिओथेरपिस्टसमोर करा. वाचून पोहता येत नाही, तसंच हे.

दिवसातून किती वेळा?

ब्रॉंकिएक्टेसिसमध्ये कफ रोज पडत असेल तर दोनदा: सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी. जेवणाआधी, नाहीतर जेवून दीड-दोन तासांनी. झोपायच्या अगदी तोंडावर केलं तर खोकत रात्र जाते. आजार बळावला असेल तर तीन-चार वेळा. सीओपीडीत कफ कमी असेल तर गरज पडेल तसं. बरं वाटलं की लोक सोडून देतात. महिन्याभराने छाती भरून परत येतात आणि माझ्यापुढे खाली मान घालून बसतात. रागवायचं मी आता सोडून दिलं आहे.

पाठीवर थापट्या मारायच्या का? खाटेचा पाया उंच करायचा का?

पूर्वी हेच शिकवायचे. कुशीवर वळून कफ उतरवण्याचा अजूनही उपयोग होतो: ज्या बाजूला आजार आहे ती बाजू वर ठेवून झोपायचं आणि तशाच स्थितीत हफ करायचे. डोकं खाली, पाय वर अशी स्थिती मात्र आता सरसकट देत नाहीत. आम्लपित्त घशाशी येणारे, रक्तदाबाचे, हृदयाचे, खूप दम लागणारे रुग्ण यांनी ती टाळावी. थापट्या स्वतः उठून हफ करू न शकणाऱ्या माणसासाठी. हाडं ठिसूळ असतील, कफातून रक्त येत असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर विचारल्याशिवाय नको.

फुंकायची छोटी उपकरणंही मिळतात. आत गोळी किंवा झडप असते, फुंकलं की ती थरथरते आणि तो कंप नळ्यांपर्यंत पोहोचून कफ सुटतो. ज्यांना हफ जमत नाही किंवा कंटाळा येतो त्यांच्यासाठी चांगली आहेत. ऑपरेशननंतर देतात ते तीन निळ्या-पिवळ्या चेंडूंचं उपकरण वेगळं. त्यात श्वास आत ओढायचा असतो, कफ काढायचं काम ते करत नाही. घरोघरी तेच पडलेलं असतं म्हणून सांगितलं.

वाफ घेतली तर?

घशाला आणि नाकाला बरं वाटतं. गरम वाफ खोल नळ्यांपर्यंत पोहोचून कफ वितळवते, असं मात्र होत नाही. पातेलं उलटून मांड्या भाजलेली माणसं पाहिल्यापासून मी वाफ घ्या असं स्वतःहून सांगत नाही. घ्यायचीच तर स्टीमरने घ्या आणि लहान मुलांपासून लांब.

मिठाच्या पाण्याचं नेब्युलायझर म्हणजे काय? घरी मीठ घालून करू का?

घरचं मीठ मुळीच नको. ते निर्जंतुक नसतं आणि प्रमाणही चुकतं. दवाखान्यात वापरतात ते ३ किंवा ७ टक्क्यांचं निर्जंतुक द्रावण असतं. लोणच्यात मीठ फोडीतलं पाणी बाहेर ओढतं, तेच तत्त्व इथे: मीठ नळीच्या भिंतीतून पाणी ओढतं आणि कफ ओला होतो. काहींना त्याने छाती आवळते, म्हणून पहिला डोस दवाखान्यात, आधी-नंतर फुंकण्याची तपासणी करून.

क्रम महत्त्वाचा आहे: आधी नळ्या उघडणारा पंप, मग मिठाचं द्रावण, त्यानंतर हफ, आणि फवाऱ्यातून अँटिबायोटिक किंवा स्टेरॉइड द्यायचं असेल तर ते सगळ्यात शेवटी, छाती मोकळी झाल्यावर. पुष्कळ जण उलटं करतात आणि महागडं औषध कफाच्या थरावर सांडून मोकळे होतात. नेब्युलायझरचा कप रोज धुवा, पूर्ण वाळवा. ओलसर कप म्हणजे जंतूंची नर्सरी.

अडुळशाचा काढा चालेल का? आजी तर तेच देत होती.

आजी चुकत नव्हती. अडुळशाच्या पानात व्हॅसिसिन नावाचं द्रव्य असतं. त्याच्या रचनेवरून ब्रॉमहेक्सिन हे औषध तयार झालं, आणि ब्रॉमहेक्सिनचं शरीरात जे रूपांतर होतं ते ॲम्ब्रॉक्सॉल. केमिस्ट देतो त्या बहुतेक कफ सिरपांच्या लेबलावर यातलं एखादं नाव सापडेल. म्हणजे परसातलं झुडूप प्रयोगशाळेत जाऊन परत तुमच्याच घरी आलं.

पण काढ्यात द्रव्य किती उतरलं हे कोणालाच कळत नाही आणि रुंदावलेली नळी त्याने पूर्ववत होत नाही. अधूनमधून घ्यायला हरकत नाही. पंप बंद करून नको. गरोदर बाईने अडुळसा घेऊ नये, त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकतं.

पाण्यात विरघळणारी फसफसणारी गोळी लिहून दिली आहे. उपयोग होतो?

ती ॲसिटिलसिस्टीन, बहुधा ६०० मिलिग्रॅम. सीओपीडी आणि क्रॉनिक ब्रॉंकायटिसमध्ये अशा कफ पातळ करणाऱ्या गोळ्यांनी आजार बळावण्याचे प्रसंग थोडे कमी होतात. थोडेच. ब्रॉंकिएक्टेसिसमध्ये याच जातकुळीचं कार्बोसिस्टीन आणि तीव्र मिठाचं द्रावण या दोन्हींची ब्रिटनमध्ये वर्षभर चाचणी झाली. २०२५ मध्ये आलेल्या निकालात दोन्हींनी असे प्रसंग ठळकपणे कमी केले नाहीत. कफ सुटायला मदत होते असं सांगणारे रुग्ण आहेत, तेव्हा दोन-तीन महिने घेऊन पाहा आणि फरक नसेल तर डॉक्टरांना विचारून थांबवा. अल्सर असेल तर आधीच सांगा.

सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारात डॉर्नेज अल्फा नावाचा फवारा चांगला उपयोगी पडतो. तोच इतर कारणांच्या ब्रॉंकिएक्टेसिसमध्ये दिल्यावर रुग्णांची तब्येत उलट ढासळल्याचं १९९८ मध्येच दिसलं होतं. कफ एकसारखा दिसला तरी सगळ्यांचा कफ एक नसतो.

कफ हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक लागणारच?

हिरवा रंग जंतूंचा नाही. जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींमधल्या एका रसायनाचा आहे. ब्रॉंकिएक्टेसिसच्या पुष्कळ रुग्णांचा कफ तब्येत बरी असतानाही पिवळट-हिरवा असतो. पाहायचं ते बदलाकडे: नेहमीपेक्षा गडद, जास्त, घट्ट, आणि सोबत दम, थकवा किंवा ताप. असं दोन दिवस राहिलं तर डॉक्टरांकडे जा आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी कफ कल्चरला द्या. कोर्स बहुधा १४ दिवसांचा असतो. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या डब्यात टाकू नका.

एक गोष्ट हात जोडून सांगते. केमिस्टकडून परस्पर लिव्होफ्लॉक्सासिन घेऊ नका. ते टीबीच्या जंतूवरही काम करतं. चार दिवस बरं वाटतं, तपासणीत टीबी झाकला जातो, आणि जंतू त्या औषधाला सरावतो.

तपकिरी, रबरासारख्या गाठी पडत असतील, विशेषतः दम्याच्या रुग्णाला, तर त्या डबीत घालून डॉक्टरांना दाखवा. बुरशीच्या ॲलर्जीचा एक आजार असतो. रक्तातल्या आयजीई तपासणीने तो शोधतात आणि त्याचे उपचार पूर्ण वेगळे आहेत.

ॲझिथ्रोमायसिन सहा महिने घ्यायला सांगितलं आहे. चूक तर नाही ना?

चूक नसावी. वर्षात तीन किंवा जास्त वेळा आजार बळावत असेल तर हे अँटिबायोटिक कमी डोसमध्ये, आठवड्यातून तीन दिवस किंवा रोज, दीर्घकाळ देतात. न्यूझीलंड आणि नेदरलँड्समधल्या चाचण्यांत त्याने असे प्रसंग चांगलेच कमी झाले. इथे ते जंतू मारण्यापेक्षा सूज शांत करायला जास्त कामी येतं. सुरू करण्याआधी थुंकीत टीबीचे किंवा टीबीसारखे दुसरे जंतू नाहीत याची खात्री आणि ईसीजी हवा. कानात आवाज येऊ लागला किंवा कमी ऐकू येऊ लागलं तर लगेच कळवा.

आणखी एक नवं औषध, ब्रेन्सोकॅटिब, ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत ब्रॉंकिएक्टेसिससाठी मंजूर झालं. पांढऱ्या पेशी सोडतात ती नळ्या कुरतडणारी द्रव्यं ते रोखतं. या आजारासाठी म्हणून तिथे मंजूर झालेलं हे पहिलंच औषध. लायनेकनंतर दोनशे वर्षांनी.

दूध, केळं, दही, भात बंद करू?

नको. दूध लाळेत मिसळून घसा चिकट वाटतो, म्हणून कफ वाढल्यासारखं वाटतं. छातीत जास्त कफ तयार होत नाही. टीबी होऊन गेलेली माणसं आधीच वाळलेली असतात, त्यांचं दूध-दही बंद करणं म्हणजे उरलेली ताकद काढून घेणं. अंडी, डाळ, उसळ, शेंगदाणे, मासे खा. श्वास घ्यायला आणि हफ करायलाही स्नायूच लागतात.

खूप पाणी प्यायल्याने कफ पातळ होतो?

कमी पाण्याने घट्ट होतो. जास्त पाण्याने त्या प्रमाणात पातळ होत नाही. तहानेपुरतं प्या. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या मापातच.

पंपाची सवय लागते म्हणतात.

चष्म्याची लागते तेवढीच.

आईने आयुष्यात विडी ओढली नाही. तिला सीओपीडी कसा?

चूल. गोवऱ्या, लाकडं, काट्याकुट्या, खिडकी नसलेलं स्वयंपाकघर आणि तिथे घालवलेली तीस-चाळीस वर्षं. गॅस आला तरी अंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवरच, असं बऱ्याच घरांत चालतं. निदान बंब आणि चूल अंगणात न्या. डासांच्या कॉइलकडेही लक्ष द्या. एका कॉइलच्या धुरात ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण असतात, असं २००३ च्या एका अभ्यासात आढळलं. मच्छरदाणी लावा.

ओढणाऱ्यांसाठी: विडी सोडल्यावर पहिले काही आठवडे कफ वाढल्यासारखा वाटू शकतो. केस पुन्हा हलू लागले की तुंबलेलं बाहेर येतं. त्याला घाबरून परत विडी पेटवू नका.

कफात रक्त दिसलं तर?

एखादी रेघ दिसली तर त्या दिवशी थापट्या आणि जोराचे हफ बंद, आणि डॉक्टरांना कळवा. कपभर किंवा लागोपाठ रक्त पडत असेल तर वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. आजारी बाजू माहीत असेल तर ती खाली ठेवून कुशीवर झोपवा, म्हणजे रक्त चांगल्या फुप्फुसात जाणार नाही. जुन्या टीबीच्या पोकळीत कधी बुरशीचा गोळा वाढतो, तोही रक्ताचं कारण असतो. मोठ्या रुग्णालयात जांघेतल्या धमनीतून नळी घालून रक्त येणारी वाहिनी बंद करतात, त्याने पुष्कळांचा जीव वाचतो.

ओठ निळसर पडणं, बोलताना वाक्य पूर्ण न होणं, झोपाळू होणं किंवा बरळणं, हीसुद्धा तातडीची लक्षणं आहेत.

लस घ्यायची का?

फ्लूची दरवर्षी आणि न्यूमोकोकलची डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे. हो.

लग्नाला चार दिवस गावी जायचंय. लोकांत कफ काढायची लाज वाटते.

पहाटे सगळे उठायच्या आधी गच्चीवर किंवा अंगणात वीस मिनिटं काढा. गावात त्या वेळी निम्मी माणसं खाकरतच असतात. झाकणाची डबी जवळ ठेवा, थुंकी तीत टाका, नंतर संडासात ओतून डबी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा. पंप सामानात नको, खिशात ठेवा. आचाऱ्याच्या भट्टीपासून आणि होमाच्या धुरापासून लांबची खुर्ची धरा.